कृष्णा-कोयनेत 'देशी' मासा कुठला म्हणायचा?

कराड तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीनं पाझर तलाव ठेक्यानं घेतलाय. सभेच्या ठरावात त्यांना 'यापुढं तलावात आणि ओढ्यात फक्त देशी मासे सोडायचे' असं वाक्य घालायचंय. ट्राउटबद्दल वाचताना त्यांना तीन वेगवेगळे प्रकार दिसले: मूळचा, रानटी आणि बाहेरून आणलेला. ही विभागणी आपल्या नद्यांना कशी लावायची, रोहू-कटला देशी धरायचे का, आणि महाशीर सोडला तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

ठरावातलं वाक्य आहे तसं ठेवू नका. रोहू, कटला आणि मृगळ भारतातले मासे आहेत, पण वरच्या कृष्णा खोऱ्यातले नाहीत. ते गंगेकडचे आहेत आणि सातारा-सांगलीत माणसानं आणून सोडलेले आहेत. नुसतं 'देशी' लिहिलंत तर बीज विकणारा हेच तीन मासे देईल, आणि कागदावर त्याचं काही चुकलेलंही नसेल. देशाऐवजी खोऱ्याचं नाव घाला. हे कशासाठी, ते खाली सविस्तर लिहितो, कारण त्यावर पुढचे बरेच निर्णय अवलंबून आहेत.

माशाबद्दल दोन प्रश्न असतात आणि ते एकमेकांत मिसळले की घोळ होतो. पहिला प्रश्न जातीचा: माणसानं हात न लावता ही जात या पाण्यात पोचली होती का? दुसरा प्रश्न त्या एका माशाचा: हा नदीत, ओढ्यात अंड्यातून निघाला, की बीजकेंद्राच्या टाकीत? पहिल्याच्या उत्तरावरून मासा मूळचा की परका ते ठरतं. दुसऱ्याच्या उत्तरावरून तो नदीचा, म्हणजे रानटी, की सोडलेला ते ठरतं. म्हणजे मासा परका असून नदीत जन्मलेला असू शकतो, आणि मूळच्या जातीचा असून टाकीत जन्मलेलाही असू शकतो. आपल्या बाजारात 'नदीचा गावरान' म्हणून जो मासा विकला जातो, त्याच्याबद्दल हे दोन्ही प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो नदीत धरला, एवढंच त्या नावातून कळतं.

ट्राउटचं उदाहरण इथं उपयोगी पडतं. रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा आणि रशियातल्या कामचाटकाचा. ब्राउन ट्राउट युरोप आणि पश्चिम आशियाचा. भारतात ट्राउटची एकही मूळची जात नाही. हिमालयात ज्याला 'स्नो ट्राउट' म्हणतात तो कुळानं रोहू-महाशीरच्या जवळचा आहे, ट्राउटचा नातेवाईक नाही. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरला आणली. पुढं हिमाचल, निलगिरी, मुन्नार इथंही ट्राउट गेला. हिमाचलच्या तीर्थन नदीत आज ब्राउन ट्राउट आपोआप वाढतो, त्याला कुणी दरवर्षी बीज सोडावं लागत नाही. तो पूर्णपणे नदीचा मासा आहे, पण मूळचा नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन सरोवरात १९९४ मध्ये लेक ट्राउट सापडला. ही जात त्याच देशातली, पूर्वेकडच्या मोठ्या सरोवरांतली, पण यलोस्टोनमध्ये परकी. तिनं तिथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटची संख्या पार खाली आणली. देश एकच होता, पाणी वेगळं होतं. रोहू-कटल्याचा प्रश्न नेमका याच जागी येतो.

गोड्या पाण्यातला मासा डोंगर ओलांडू शकत नाही. त्याचा मुलूख पाणलोटानं ठरतो. सातारा जिल्ह्यातला सह्याद्रीचा कडा हा असाच दुभाजक आहे: पूर्वेला उतरणारं पाणी कृष्णेला, पश्चिमेला उतरणारं कोकणातल्या नद्यांना. म्हणून महाबळेश्वरला एका बाजूला उगम पावणारी कृष्णा आणि दुसऱ्या बाजूला उतरणारी सावित्री यांतले मासे जवळ असूनही सारखे नाहीत. आता माणसानं हा दुभाजक फोडलाय. कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला जातं, वीज करून वाशिष्ठीत पडतं. अंडी आणि बारीक पिल्लं त्या वाटेनं जाऊ शकतात. म्हणून चिपळूणच्या बाजूला कृष्णा खोऱ्यातला एखादा मासा सापडला तर तो तिथला मूळचा समजू नये. सांगलीच्या पूर्वेलाही असंच आहे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांचं पाणी कवठेमहांकाळ, जत, आटपाडीकडं जातं आणि पाण्याबरोबर मासा जातो. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या त्या तलावांत आज जे मासे आहेत त्यांतले काही पंपानं आले, काही बीजाच्या गाडीनं. तिथं 'इथला मूळचा' हा शब्द फार जपून वापरावा लागतो.

महाशीरचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. आपल्या खोऱ्यातला महाशीर म्हणजे खडशी, शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन केलं तेव्हा ही जात शास्त्रात आली. कोळशी, मल्या, नुक्ता हे मासेही त्याच कामातून आणि त्याच स्थानिक नावांनी शास्त्रात आले. खडशी कृष्णा-भीमा खोऱ्यातली मूळची, यात वाद नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून हिचं बीज तयार होऊ लागलं आणि ते अनेक राज्यांत गेलं. संवर्धनाच्या शुद्ध हेतूनं ते कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीचा महाशीर मात्र वेगळा: पाठीवर कुबड असलेला, प्रचंड वाढणारा टॉर रेमादेवी. १९९८ ते २०१२ या काळात कावेरीवर गळ टाकणाऱ्यांनी ठेवलेल्या नोंदी तपासल्या तेव्हा कुबडवाला कमी कमी होत गेलेला आणि सोडलेला निळ्या परांचा महाशीर, म्हणजे आपली खडशी, वाढत गेलेला दिसला. २०१८ मध्ये कुबडवाल्याची नोंद जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. आपल्या खोऱ्यातला मूळचा, नावाजलेला, जपावा असा मासा दुसऱ्या खोऱ्यात गेल्यावर तिथल्या माशाच्या मुळावर आला.

त्यामुळं 'महाशीर सोडला तर चालेल का' याला उत्तर: कुठला महाशीर, कुठल्या पाण्यात, आणि बीजासाठी नर-मादीच्या जोड्या कुठल्या नदीतून धरलेल्या, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय नाही. हिमालयाकडचा सोनेरी महाशीर टॉर पुटिटोरा वेगळी जात आहे. लहानपणी तो आणि खडशी हातात घेऊन ओळखणं कठीण. दोघांच्याही पार्श्वरेषेवर, म्हणजे अंगाच्या बाजूनं जाणाऱ्या रेघेवर, पंचवीस ते सत्तावीसच्या आसपास मोठे खवले, दोघांनाही चार मिशा. मोठ्या पुटिटोराचं डोकं अंगाच्या उंचीपेक्षा लांब असतं, पण बोटुकलीत, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लात, हे माप फसवं असतं. जातीचा लेखी दाखला नसेल तर महाशीरचं बीज घेऊच नका. आणि ज्या ओढ्यात खडशीची पिल्लं अजून दिसतात तिथं बीजकेंद्राची खडशीही सोडू नका. थोड्या जोड्यांपासून काढलेली हजारो पिल्लं एकाच वेळी तिथं पडली की पिढ्यानपिढ्या त्या ओढ्यात तगलेल्या माशांचा वाण पातळ होतो. तिथं खरं काम वेगळं आहे: ज्या खडीवर ती अंडी घालते तिथला वाळू-खडीचा उपसा थांबवणं आणि पावसाळ्यात चढणीच्या माशांना जाळं न लावणं.

पाझर तलावात खडशी टाकून काही साधतही नाही. तिला वाहतं, स्वच्छ, खडीचं पाणी लागतं. गाळाच्या तलावात ती वाढेल, पण पैदास होणार नाही.

आता रोहू-कटला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांची पैदास करून दाखवली. त्याआधी बीज मुख्यतः पुराच्या नदीतून गोळा व्हायचं. त्यानंतर ते टाकीत पाहिजे तेवढं मिळू लागलं आणि देशभर गेलं. आपल्या धरणांत, तलावांत, शेततळ्यांत आज जे आहेत ते या वाटेनं आलेले. यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे: रोहू, कटला आणि मृगळ यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तलावात मादी अंड्यानं भरते, पण सोडत नाही, पुढं ती अंडी अंगातच जिरतात. मोठ्या धरणाला वर लांब नदी असेल तर तिथं कधी पैदास होते, छोट्या पाझर तलावात नाही. म्हणून तुमच्या तलावातला जवळजवळ प्रत्येक रोहू सोडलेलाच आहे असं धरायला हरकत नाही. यात दिलासाही आहे. उद्या सोडणं थांबवलं तर काही वर्षांत तो तलावातून संपेल.

चिलापी (तिलापिया) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्याबाबतीत हा दिलासा नाही. चिलापी आफ्रिकेतली, भारतात १९५२ मध्ये आली. सायप्रिनसचा निलगिरीकडचा वाण १९३९ मध्ये आला आणि आज सगळीकडं दिसतो तो बँकॉकचा वाण १९५७ मध्ये. चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) दोन्ही १९५९ मध्ये आले. या चारही जाती परक्या, पण वागणूक सारखी नाही. चंदेरा-गवत्याला रोहूसारखंच मोठं वाहतं पाणी लागतं, त्यामुळं ते आपल्या छोट्या पाण्यात स्वतःहून वाढत नाहीत. सायप्रिनस मात्र साचलेल्या पाण्यात, पाणवनस्पतींवर चिकट अंडी घालतो. चिलापीला तर वनस्पतीही लागत नाही. नर तळाशी खड्डा करतो, मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. जाळ्यातून मादी उचलली की कधी कधी तिच्या तोंडातून पिवळसर अंडी किंवा डोळे दिसणारी बारीक पिल्लं काठावर सांडतात. ती जिथं पाण्यात पडतील तिथं नवी पिढी सुरू. दोन-तीन महिन्यांत, आठ-दहा सेंटीमीटरची झाल्यावर ती पुन्हा तयार असते. म्हणून तलावात चिलापी शिरली की थोड्याच काळात सगळी बोटाएवढी आणि अंड्यावर आलेली दिसते, वजन कुणाचंच वाढत नाही.

आफ्रिकी मांगूरला देशात बंदी आहे. तो कुणी 'देशी मांगूर' म्हणून आणला तर घेऊ नका. रूपचंद आणि पंगस शेततळ्यांतून वाढतात आणि त्यांचा प्रश्न पुराचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-वारणाकाठची तळी नदीत मिसळली. सांगलीत आयर्विन पुलाखाली एखादा रूपचंद गळाला लागला तर तो नदीत जन्मला असं समजायचं कारण नाही, तो बहुधा कुणाच्या तरी तळ्यातून आलाय. काचेच्या टाकीतले मासे, विशेषतः काच चाटणारा खरखरीत अंगाचा मासा, नदीत सोडणं हीही तशीच वाट आहे, आणि त्या माशाची पैदास उजनीसारख्या पाण्यात होते. डासांसाठी विहिरींत सोडलेले गप्पी आणि गंबुसियाही परकेच. गंबुसिया भारतात १९२८ पासून आहे. बंद विहिरीत ठीक, पण ओढ्यात नको. तिथल्या बेडकांची अंडी आणि माशांची पिल्लं तो खातो.

हातातला मासा ओळखायचा कसा, यात सगळ्यात जास्त चुका होतात. बाजारात आणि नोंदवहीत मृगळ म्हणून लिहिलेला लहान मासा पुष्कळदा आपल्या नदीतला रेबा किंवा फुलुंगी असतो, आणि उलटही होतं. पाठीच्या पराचे काटे मोजा. पुढचे दोन-चार न फुटलेले काटे सोडून द्या, टोकाला फांदी फुटलेलेच मोजा, शेवटचा बुडापासून दुभंगलेला असेल तर तो एक धरा. मृगळाला असे बारा-तेरा येतात, रेबाला आठ-नऊ. मग पार्श्वरेषेवरचे खवले: मृगळाला चाळीस ते पंचेचाळीस, रेबाला चौतीस ते अडतीस. दोन्ही मोजण्या जुळल्या की शंका राहत नाही. रेबा एक फुटाच्या आसपास थांबतो, मृगळ तीन फुटांपर्यंत जातो, पण लहान मासा हातात असताना याचा उपयोग नाही.

रोहू आणि आपल्या खोऱ्यातला मूळचा झालरीच्या ओठाचा लॅबिओ फिम्ब्रिएटस यांतही तीच गफलत होते. दोघांचे ओठ झालरीचे, दोघांच्या खवल्यांवर तांबूस छटा. रोहूच्या पाठीच्या परात फांदी फुटलेले काटे बारा ते चौदा, फिम्ब्रिएटसला पंधरा ते अठरा, त्यामुळं त्याचा पर लांब आणि शिडासारखा दिसतो. कलबासूचं अंग जवळजवळ काळं, ओठ जाड आणि मिशा चार. तो कृष्णेतला मूळचा आहे. कटला ओळखायला मोजणी नको: डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, मिशी नाही. खडशी आणि कोळशीत गोंधळ झाला तर खवले पाहा. खडशीचे पंचविशीत, कोळशीचे चाळिशीत, म्हणजे कोळशीचा खवला स्पष्टपणे लहान, आणि मिशांची जोडी एकच. चिलापीची पार्श्वरेषा मध्येच तुटून दोन तुकड्यांत असते आणि पाठीच्या परात पुढं पंधरा-सोळा टोचणारे काटे असतात. आपल्या घाटमाथ्यावर तिच्यासारखा मूळचा मासा नाही, कोकणातल्या खाड्यांत काळुंदर आहे.

मोजताना मासा ओल्या हातानं धरा आणि डावी बाजू वर ठेवून फोटो घ्या, पाठीचा पर बोटानं पूर्ण उघडून. शेजारी मोजपट्टी. पर मिटलेला फोटो ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो.

मासा नदीत जन्मला की सोडला, हे एका माशावरून क्वचितच सांगता येतं. ट्राउटमध्ये काही ठिकाणी सोडण्याआधी पाठीमागचा छोटा मांसल पर कापतात, म्हणजे खूण कायम राहते. आपल्याकडं अशी खूण करत नाहीत, आणि आपल्या या माशांना तो परही नसतो. सिमेंटच्या टाकीत दाटीनं वाढलेल्या माशाचे पर कधी झिजलेले, टोकं बोथट दिसतात, पण नदीत काही महिने गेले की पर बरे होतात. म्हणून पुरावा माशाऐवजी पाण्यात शोधायचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पूर ओसरल्यावर, तलावाच्या वरच्या ओढ्यात बारीक जाळीनं पिल्लं पाहायची. दोन ते चार सेंटीमीटरची पिल्लं मिळाली, आणि त्या पाणलोटात वर कुणी बीज सोडलेलं नसेल, तर ती तिथंच जन्मली. सोबत वेगवेगळ्या आकाराचे मासे असतील तर पैदास एका वर्षापुरती नव्हती हेही कळतं. सगळे मासे एकाच मापाचे असतील तर बहुधा ते एकाच गाडीतून उतरलेले असतात.

बंधाऱ्याचाही विचार करा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यात काढलेले असतात, त्यामुळं चढणीचा मासा तिथून वर जातो. मातीच्या धरणावरून तो वर जाऊ शकत नाही. तुमच्या तलावाच्या वर जे मूळचे मासे आज आहेत, मल्या, मुऱ्या, डोक, ते खालच्या माशांपासून तुटलेले आहेत. एकदा संपले तर खालून पुन्हा येणार नाहीत. तलावापेक्षा वरच्या ओढ्याची काळजी जास्त घ्यायची ती यामुळं.

डीएनए तपासणीबद्दलही लोक विचारतात. बारकोड म्हणून जी साधी तपासणी होते ती माइटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर असते आणि तो फक्त आईकडून येतो. आई रोहू आणि बाप कटला असेल तर अहवालात रोहूच येईल. बीजकेंद्रात रोहू, कटला, मृगळ एकाच गोल टाकीत अंड्यावर सोडले तर असा संकर होतो, आणि पुढं तोच मासा जोडीत वापरला गेला की वाण कायमचा मिसळतो. संकर शोधायचा असेल तर आई-बाप दोघांकडून येणाऱ्या, केंद्रकातल्या डीएनएची तपासणी मागायची. सोसायटीच्या पातळीवर त्यापेक्षा सोपं आणि स्वस्त हे, की केंद्राला जाती वेगवेगळ्या टाकीत काढतो का ते विचारायचं आणि समोर पाहायचं.

काही जण विचारतात, महाबळेश्वरला थंडी असते तर ट्राउट का नको. ट्राउटला पाणी बारा महिने थंड लागतं. रेनबोची वाढ दहा ते सोळा अंशांत चांगली होते, वीस अंशांपुढं तो खाणं सोडू लागतो, पंचवीसच्या आसपास मरतो. शिवाय पाणी वाहतं आणि प्राणवायूनं भरलेलं हवं. महाबळेश्वरला डिसेंबरची रात्र थंड असते, पण एप्रिल-मेमध्ये ओढे आटतात आणि तलावाचं पाणी तापतं. तिथं तो टिकणार नाही. आणि टिकला असता तरी कृष्णेच्या उगमात आणखी एक परका शिकारी मासा सोडायला काहीच आधार नव्हता.

आता ठराव आणि तलाव. तुमचा तलाव उत्पन्नासाठी आहे, त्यात रोहू-कटला सोडणं चूक नाही. चूक आहे ती त्यांना देशी म्हणून ओढ्यात सोडणं. ठरावात तलाव आणि ओढा वेगळे लिहा: तलावात रोहू, कटला, मृगळ चालतील, शिवाय कृष्णा खोऱ्यातला फिम्ब्रिएटस किंवा कलबासू मिळाला तर त्याला प्राधान्य. फिम्ब्रिएटसचं बीज काढण्याचं काम बंगळूरच्या केंद्रात झालेलं आहे, मागणी गेली तर ते बीज मिळू शकतं. तलावाच्या वरच्या ओढ्यात बाहेरून काहीही सोडायचं नाही, कुठल्याही जातीचं, कितीही चांगल्या हेतूनं. चिलापी, आफ्रिकी मांगूर, रूपचंद, पंगस आणि काचेच्या टाकीतले मासे तलावातही नाहीत. सायप्रिनस नको. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि एकदा अंडी घातली की निघत नाही.

सांडव्याला जाळी लावून मासा अडवायचा मोह होतो. बारीक जाळीत पालापाचोळा अडकून पाणी तुंबलं तर भरावाला धोका होतो, म्हणून सांडव्यावर जाळी नको. सांडव्यावरून खाली गेला तरी चालेल असाच मासा तलावात ठेवा.

बीज उतरवून घेताना गाडीजवळ पांढरा टब ठेवा. प्रत्येक पिशवीतली दोन-तीन वाटग्यांएवढी पिल्लं त्यात ओतून पाहा: पाठीवर टोचणारे काटे असलेली, अंगावर उभे पट्टे असलेली, किंवा सपाट डोक्याची मिशीवाली पिल्लं दिसली तर ती पिशवी परत. अशी भेसळ मत्स्यजिऱ्यात, म्हणजे अगदी बारीक पिल्लांत, डोळ्यांना ओळखू येत नाही, बोटुकलीत ओळखू येते. बोटुकली घ्यायचं हे एक कारण, आणि तलावात मरळ-शिवडा हे शिकारी मासे असतील तर शंभर मिलिमीटरच्या आसपासची पिल्लंच तगतात हे दुसरं. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग पिल्लं हातजाळीनं उचलून तलावात सोडा आणि पिशवीतलं पाणी काठापासून लांब जमिनीवर ओता. परक्या माशांची बारीक पिल्लं आणि रोग बऱ्याचदा या पाण्यातूनच येतात.

तलावात चिलापी आधीच असेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वांत कमी असताना जाळ्यानं जेवढी निघेल तेवढी काढा. धरलेली मादी काठावर हलवू नका, थेट बादलीत टाका, म्हणजे तोंडातली अंडी पाण्यात पडणार नाहीत. लहान आहे म्हणून एकही परत टाकू नका. तलाव पूर्ण आटत असेल तर गाळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्या, खड्ड्यांत राहिलेल्या पाण्यातही पिल्लं तगतात. मोहाच्या पेंडीचा सल्ला कुणी देईल. एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी दोन ते अडीच हजार किलो लागते आणि ती मूळचे मासेही मारते. ज्या तलावाचं पाणी गाव किंवा जनावरं पितात, किंवा ज्यातून पाणी ओढ्यात वाहतंय, तिथं ती वापरू नका. चिलापी काढून झाल्यावर मरळ राहू द्या, उरलेली पिल्लं तो खातो आणि बाजारात भावही चांगला मिळतो.

नोंदवहीत प्रत्येक वेळी एवढं लिहा: तारीख, जातीचं नाव, नग, सरासरी लांबी, बीजकेंद्राचं नाव, जोड्या मूळ कुठल्या नदीच्या, आणि कुठं सोडलं, तलावात की आणखी कुठं. पकडताना जात आणि लांबी. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी असल्या की सप्टेंबरमध्ये ओढ्यात मिळालेलं पिल्लू कुणी सोडलेलं की तिथंच जन्मलेलं, हे वहीवरून सांगता येईल.